ठकीचे डोळे

॥ श्री ॥

पिंपरी, कारखान्याची वसाहत
रविवार, ता. ३ मार्च १९५७

तीर्थस्वरूप सौ. गोजाआक्का हीस,

धाकट्या विमलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तराला मी आज बसते आहे, तेव्हा आधी कान धरते. इकडे सर्व खुशाल. यांची पाळी या आठवड्यात सकाळची, म्हणजे भोंगा वाजायच्या आत डबा तयार हवा. मुलं शाळेत गेली की दुपार मात्र माझी एकटीची असते, आणि ती कुठे जाते हे तुला सांगायला नकोच.

माझ्या बाहुल्या एकोणीस झाल्या. हसू नकोस. वसाहतीत दर दारामागे वेगळा जिल्हा राहतो, आणि मी प्रत्येकीकडून तिच्या गावची एक चिंधी मागून आणते. शेजारच्या सावित्रीबाई संगमेश्वरच्या. त्यांनी लग्नातल्या शालूचा फाटका काठ दिला, पण बाहुलीचा अंबाडा आमच्याकडच्यासारखाच घालायचा, अशी अट घातली. तीनदा सोडून बांधला तेव्हा पसंत पडला. परभणीच्या मंजुळाबाईंनी इरकलीचा तुकडा दिला. पलीकडे निर्वासितांच्या कॅम्पात एक सिंधी बाई राहतात, त्यांनी आरशांची कापडपट्टी दिली आणि ती देताना घळघळा रडल्या. त्यांचं गाव तर आता नकाशातसुद्धा पलीकडे गेलं.

तुळशीबागेतून एक मडम आणली होती, पिवळ्या केसांची आणि निळ्या डोळ्यांची. तिचे केस काळे केले, डोळे काळे केले, नाकात मण्यांची नथ घातली आणि पुरती नऊवारी नेसवली. हे म्हणाले की आता एवढी कामाची झालीच आहे तर तिला भाकरी थापायलाही शिकव.

आता मुद्द्याचं. चैत्रात माझ्याकडे गौरीचं हळदीकुंकू आहे. पायऱ्या मांडून सगळ्या बाहुल्यांची आरास करणार आहे. सर्वांत वरच्या पायरीवर आपली लाकडी ठकी हवी. महिनाभरासाठी पाठवशील का? तुमच्या गावचा ज्योतीराम यांच्याच खात्यात लागला आहे, दर रविवारी चाकणला येतो. त्याच्या हाती दे.

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
विमल

---

॥ श्री ॥

चाकण
ता. १२ मार्च १९५७

चि. सौ. विमल हिस,

गोजाआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. बाहुल्या एकोणीस आणि पत्रं वर्षाला तीन, हा हिशेब आवडला. सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं पडलं की तेहतीस वर्सांची बाई बाहुल्या खेळती आन् नवरा बगत बसतो, आसलं कवतिक आमी कुठं बगितलं न्हाई. वर हेही विचारलं की मडमेला नऊवारी किती वार लागली.

इथे कांदा काढणीला आला आहे. अंगणभर कांदा, पडवीत कांदा, माझ्या केसांनासुद्धा कांद्याचा वास. तुझ्या दाजींना या दिवसांत मी दिसत नाही आणि मला ते दिसत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे.

ठकीचं म्हणशील तर नाही. ती माझ्या ट्रंकेत तळाशी आहे आणि तिथेच बरी. तिचा एक हात निखळला आहे, तोंडाचा रंग उडाला आहे, चारचौघींत मांडण्याजोगी ती राहिलेली नाही. तुला एकोणीस पुरत नाहीत का? ज्योतीरामच्या हाती कांद्याची एक पिशवी आणि शेंगा पाठवते आहे, त्या गोड मानून घे.

यशवंतरावांना आशीर्वाद. मुलांना पोटाशी धर.

तुझी,
आक्का

---

॥ श्री ॥

पिंपरी
ता. २० मार्च १९५७

ती. सौ. आक्कास,

साष्टांग नमस्कार. वि. वि. कांदे आणि शेंगा पोचल्या.

आज थट्टा करवत नाही, म्हणून सरळच लिहिते. लहानपणी तू ठकी मला कधी हातात घेऊ दिली नाहीस. मी सहा वर्षांची असताना चोरून घेतली, तर तू पाठीत धपाटा घातलास आणि मग स्वतःच कोपऱ्यात जाऊन रडत बसलीस. मारलं मला आणि रडलीस तू, हे मला तेव्हाही कळलं नाही.

ठकी आईने तुझ्यासाठी सुताराकडून करून घेतली, म्हणून ती तुझी, हे मला मान्य आहे. पण आक्का, तुला आई बारा वर्षं मिळाली. मला तीन मिळाली आणि त्यांतला एक क्षणसुद्धा आठवत नाही. घरात तिचा फोटो नाही. वडील मास्तर होते, गावच्या पोरांच्या जन्मतारखा त्यांना तोंडपाठ, पण बायकोचा एक फोटो काढावा हे सुचलं नाही. आईची म्हणावी अशी एकच वस्तू उरली आहे आणि ती तुझ्या ट्रंकेत आहे. मी ती मागत नाही, महिनाभर बघायला मागते आहे. हात मी बसवीन, नवं लुगडं शिवीन आणि अक्षय्य तृतीयेनंतर जशीच्या तशी परत करीन.

नाही म्हणालीस तरी तुझ्यावरची माया आटणार नाही, पण वाईट वाटेल.

तुझी,
विमल

---

॥ श्री ॥

चाकण
रविवार, ता. ३१ मार्च १९५७

चि. सौ. विमल हिस,

आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुझे दाजी म्हणाले, बहिणीचं मन मोडून ट्रंक कुणाला राखायची हाय? एरवी त्यांचं मी ऐकत नाही.

आज दुपारी ज्योतीराम दाराशी येऊन उभा राहिला. त्याची एस.टी. सुटायची घाई. जुन्या लुगड्यात ठकी गुंडाळून त्याच्या हाती दिली आणि तो गेल्यावर लक्षात आलं की सांगायचं तेच राहिलं. म्हणून लगोलग हे पत्र टपालात टाकते आहे.

विमल, हात बसव, लुगडं शिव, हवे तर दागिने घाल. पण तिच्या डोळ्यांना हात लावू नकोस. ते आईने काढलेले आहेत. फणी-कुंकवाच्या फणेरपेटीचा आरसा समोर ठेवून, त्यात स्वतःचे डोळे बघून, तिने एकेक रेघ ओढली. मी शेजारी बसून पाहत होते. आईला पाहावंसं वाटलं की मी दार लावून ठकी काढते आणि तिच्याकडे बघते. तीस वर्षं हेच करते आहे. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू रोज मागितली असतीस, आणि मुलांच्या हातात वस्तू राहत नाही अशी मला भीती होती. माझी चूक झाली. आता बघ तिला पोटभर.

उद्या पाडव्याची गुढी उभारताना मी तुझी आठवण करीन. माझा जीव तुझ्या घरी पाहुणा आला आहे, त्याला सांभाळ.

तुझी,
आक्का

---

॥ श्री ॥

पिंपरी
ता. ५ एप्रिल १९५७

ती. सौ. आक्कास,

साष्टांग नमस्कार. वि. वि. ठकी रविवारी रात्री सुखरूप पोचली. तुझं पत्र काल गुरुवारी मिळालं.

गौर परवा बसवली, हळदीकुंकू शुक्रवारी सव्वीसला. यांनी पायऱ्यांसाठी खोकी आणून दिली, त्यांवर पांढरं धोतर अंथरलं. हरभरे भिजवायचे किती, यावर सावित्रीबाई आणि मंजुळाबाई यांचं एकमत होत नाही. कैऱ्या अजून बाठीच्या झाल्या नाहीत, पण आंब्याच्या डाळीपुरत्या मिळतील. ठकीचा हात खुंटी मारून बसवला, छान बसला.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे, कारण उजव्या हाताची बोटं सुजली आहेत आणि भयंकर खाजतात. बारीक फोडही आले आहेत. काहीतरी चावलं असेल.

आक्का, एक विचारू? आईचे डोळे नक्की कसे होते? मोठे म्हणावेत असे, की लांबट? भुवया जुळलेल्या होत्या का? सहजच विचारते. जमेल तेवढं बारकाईने लिही.

माझ्यावर लोभ ठेव. काहीही झालं तरी ठेव.

तुझी,
विमल

---

॥ श्री ॥

चाकण
ता. १२ एप्रिल १९५७

चि. सौ. विमल हिस,

आशीर्वाद. वि. वि. बोटांना खोबरेल लाव आणि चार दिवस शिवण बंद ठेव.

आईचे डोळे कसे होते हे मला काय विचारतेस? ठकी तुझ्यासमोर आहे, तिला विचार. मला शब्दांत सांगता आलं असतं तर तीस वर्षं ती ट्रंक कशाला उघडली असती?

तुझं पत्र मला नीट वाटलं नाही. चार ओळी हरभऱ्यांवर आणि ठकीवर एक. म्हणून मीच येते. शुक्रवारी सव्वीस तारखेला तुझं हळदीकुंकू आहे ना, त्या दिवशी सकाळच्या गाडीने निघते. सासूबाईंनी परवानगी दिली आहे, मडम बघून आल्यावर सगळं सांगायच्या अटीवर.

भेटीअंती सविस्तर बोलू. तोवर आहेस तशी सुखात राहा.

तुझी,
आक्का

---

॥ श्री ॥

पिंपरी
ता. १६ एप्रिल १९५७

ती. सौ. आक्कास,

साष्टांग नमस्कार. तू यायच्या आत लिहिलंच पाहिजे. दारात तुझं तोंड बघून सांगायची माझी छाती नाही.

आक्का, ठकीचे डोळे मी पुसले.

पाडव्याचा दिवस होता, नव्या कामाला चांगला. गौरीपुढे विटकं, भंगलेलं काही मांडू नये म्हणतात, तेच डोक्यात होतं. ठकीचा चेहरा पार काळवंडला होता आणि डाव्या डोळ्याचं काजळ कानशिलाकडे फिसकटलं होतं. मला वाटलं, कुणाचा तरी ओला हात लागून पसरलं असेल. यांच्याकडून काचकागद मागून घेतला आणि सगळं तोंड घासून काढलं. डाग आत मुरलेले होते, पुरते जाईनात, म्हणून वरून पांढऱ्या सफेत्याचे दोन हात दिले. हौसेनं केलं गं. तुला नवीकोरी ठकी दाखवून चकित करायचं होतं. नवे डोळे रंग वाळल्यावर काढणार होते. गुरुवारी तुझं पत्र आलं तेव्हा ती खिडकीत वाळत होती आणि तिला डोळे नव्हते.

मग मी तुला ते प्रश्न विचारले. तू लिहिशील, त्यावरून मी हुबेहूब काढीन आणि तुला कळणार नाही, असा माझा बेत होता. एकोणीस बाहुल्यांचे डोळे काढले, विसावीचेही काढता येतील असं वाटलं. तुझं उत्तर वाचलं आणि कुंचला खाली ठेवला. ते डोळे मी काढले तर ते माझेच होतील.

आईचा चेहरा जगात एका जागी उरला होता. जिला तो कधी आठवला नाही तिच्याच हाताने तो गेला. रविवारी आणि सोमवारी ठकी माझ्या हातात होती, तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. फक्त किती मळली आहे तेवढंच पाहिलं.

आलीस तर पायांवर डोकं ठेवीन. नाही आलीस तरी तुला बोल लावायला मला तोंड राहिलेलं नाही.

तुझी अपराधी,
विमल

---

चाकण
ता. २८ एप्रिल १९५७
(कार्ड)

सौ. विमलताईंस बबनरावचा रामराम. पत्रास कारण की तुमची बहीण शुक्रवारी पिंपरीस आली न्हाई, तरी तिची वाट बघून तुमी कष्टी झाला असाल. ती बरी हाय. कांदे निवडती आन् बोलत न्हाई. मी तिला इचारलं, लिहू का, तर म्हणाली तुमच्या मनाला येईल ते करा. म्हून लिहिलं. आता मडमेचं कोण सांगणार याची आईला काळजी लागली हाय. पोरींच्या भांडणात मी पडत न्हाई, पण ट्रंक रिकामी बघून मलापण करमत न्हाई. जेवत जा. कळावे.

बबनराव

---

॥ श्री ॥

पिंपरी
रविवार, ता. १२ मे १९५७

ती. सौ. आक्कास,

साष्टांग नमस्कार. वि. वि. तू उत्तर देणार नाहीस असं धरून लिहिते आहे. दाजींचं कार्ड मिळालं, ते देवाच्या मागे जपून ठेवलं आहे.

हळदीकुंकू झालं. वरची पायरी मी रिकामी ठेवली. बायकांनी विचारलं, तर सांगितलं की पाहुणी यायची आहे. ठकीला तुझ्या त्याच लुगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं. तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी मंजुळाबाईंनी कुंकू लावताना माझा हात धरला आणि बोटं न्याहाळली. फोड सुकून साली निघत होत्या. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं की हा बिब्बा उतला आहे, दुसरं काही नाही. त्यांच्याकडे धुण्याच्या कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करतात, त्यांची नणंद दर वेळी अशीच सुजते. मी म्हटलं, बिब्बा मी जन्मात हाताळला नाही. त्यांनी विचारलं, मग पाडव्याला काय घासत होतीस?

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. गेला आठवडाभर छपराचे पत्रे तापून घराची भट्टी झाली आहे. काल कपाटावरचं काही काढताना लुगडं सुटलं. आक्का, ठकीला डोळे आले आहेत.

मी हात लावलेला नाही, शपथ घेते. सफेत्याच्या खालून वर आले आहेत. आधी चहाच्या डागासारखे तांबूस होते, आज काळे दिसतात. लांबट आहेत. उजवा थोडा बारीक आहे, हसताना होतो तसा. मी समोर बसले आणि मग स्वयंपाक राहून गेला. यांनी कामावरून येऊन बघितलं आणि चूल पेटवून स्वतःच चहा केला.

पण एक डाग त्यांच्याबरोबर वर आला आहे. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे एक वाकडी रेघ गेली आहे, तेच ते फिसकटलेलं. हे म्हणतात, टर्पेंटाइनच्या बोळ्याने तेवढीच हलकेच निघेल. मी म्हटलं, आता आक्काला विचारल्याशिवाय टाचणीसुद्धा लावणार नाही. तर ती रेघ काढू की राहू देऊ, एवढंच लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या मायेवर माझा हक्क राहिला आहे की नाही, ते ठाऊक नाही. तरी मागते आहे.

तुझी,
विमल

---

॥ श्री ॥

चाकण
ता. १६ मे १९५७

चि. सौ. विमल हिस,

अनेक अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज दुपारी आलं. कांद्याच्या ढिगावर बसून वाचलं, त्यामुळे मी रडले ते कुणाला कळलं नाही. सासूबाईंना कळलं, पण त्या म्हणाल्या औंदाचा कांदा लई तिखट हाय.

महिनाभर मी तुझ्यावर रागावले होते, हे खोटं कशाला बोलू? पण खरा राग माझा माझ्यावर होता. तिच्या डोळ्यांची गोष्ट तुला सहा वर्षांची असताना सांगितली असती, तर तू काचकागद हातात घेतलाच नसतास. मी आई एकटीने जपली आणि त्याचं हे फळ मिळालं.

बिब्ब्याचं मलाही आजच उलगडलं. मी ठकीला रोज आंघोळ घालायची आणि रोज तिचं काजळ धुऊन जायचं. मग ठकी आंधळी झाली म्हणून मी गळा काढायची. आईच्या शेवटच्या दिवाळीच्या आधी ती म्हणाली होती, तिला असे डोळे देते की गंगेत बुडवलीस तरी जाणार नाहीत. ती सुई दिव्यावर तापवून कशात तरी खुपसत होती, ते मला आठवतं; तो बिब्बाच, त्याचा रस लाकडात मुरलेला, तोच आता उष्म्याने वर आला. त्या दिवाळीत आईची बोटं सुजून फोड आले होते. करंज्या तिला करता आल्या नाहीत आणि आजीने विचारल्यावर तिने सांगितलं की पाक सांडला. मी तेच खरं मानत आले. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिची बोटं जशी सुजली, तशीच तीस वर्षांनी त्याच डोळ्यांनी तुझी सुजली. बघ, आईचं तुझ्याकडे काही नाही म्हणत होतीस.

आता त्या रेघेचं सांगते. ती पुसू नकोस. आईचा हात चुकायचा नाही, तिने उजवा डोळा एका दमात काढला होता. डावा पुरा होत आला आणि मांडीवर बसलेल्या पोरीने सुईकडे झेप घेतली. आईचं कोपर ढकललं गेलं आणि रेघ कानशिलापर्यंत गेली. मी रडायला लागले की माझी ठकी बिघडवली. आई मात्र हसत सुटली. म्हणाली, असू दे गं, एक रेघ हिची.

ती पोरगी तू. आईबरोबरचं तुला काही आठवत नाही ना? मग ते तिथे काढून ठेवलेलं आहे.

मी रविवारी येते आहे. ठकीला परत न्यायला नाही, ती आता तुझ्या वरच्या पायरीवरच राहू दे. ट्रंकेची किल्ली मी कांद्याच्या चाळीत कुठेतरी हरवली असं समज. आपण दोघी तिच्यासमोर बसू आणि मला आठवेल तेवढी आई मी तुला सांगीन. मडमही दाखव, सासूबाईंना उत्तर द्यायचं आहे.

लोभ आहे. तो पुसून जाण्यातला नाही.

तुझी,
आक्का